सुलट दोन, उलट दोन

आमच्या घरात 'जरा फिरून येते' हे वाक्य बाईमाणसाने म्हणायचे नसे. बाई जायची ती कशाला तरी. लग्नाला, मय्यतीला, बाळंतिणीला बघायला, दर्ग्यावर नवस फेडायला, फार तर दवाखान्यात. हवा खायला पुरुष जात. १९८८ साली मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा भिवंडीहून निघताना अम्मीने एवढेच बजावले, "शाळा ते घर, घर ते शाळा. मधे काही नाही."

मी ते इतके मनावर घेतले, की जव्हारला राहायला आल्यावर पहिली आठ वर्षे मी सनसेट पॉइंट पाहिला नव्हता. गावातून चालत जाण्याइतका जवळ. मुंबईची माणसे गाड्या करून तो बघायला येत आणि मी घरात भाकऱ्या थापत असे. मुलांचे अब्बा एसटीत कंडक्टर होते, जव्हार डेपोला. त्यामुळे आमचे बिऱ्हाड जव्हारला आणि माझी शाळा मोखाड्याच्या पुढे. रोज एसटीने जायचे, एसटीने यायचे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. वर्गात मी मुलांना शिकवत असे, की जव्हारच्या मुकणे राजांना १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली आणि त्यांच्या नावामागे 'शहा' आले, की सुरतेला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते. शिरपामाळ कुठल्या दिशेला आहे, हे मात्र मला माहीत नव्हते!

सिस्टर मला भेटली ती एसटीतच, १९९६ च्या हिवाळ्यात. ती एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मूळची नाशिककडची, एकटी राहणारी. नवऱ्याने टाकलेली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. तिला सगळा तालुका सिस्टर म्हणायचा आणि मला बाई. आम्हीही एकमेकींना सिस्टर आणि बाईच म्हणू लागलो आणि आजतागायत तेच चालू आहे. तर ही सिस्टर खिडकीशी बसून दोन सुयांवर स्वेटर विणत होती. रस्ता खड्ड्यांचा, गाडी हादरत होती, पण तिच्या सुया थांबत नव्हत्या. समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थाने विचारले, "कोणासाठी?" ती म्हणाली, "विणून झाल्यावर बघू कोणाला होतो ते."

मला क्रोशा येत होता. आमच्या दादीने घरातल्या सगळ्या पुरुषांच्या नमाजाच्या जाळीदार टोप्या हाताने केलेल्या. पण दोन सुयांचे काम आमच्याकडे नव्हते. कोकणच्या उकाड्यात लोकर कोण घालतो? जव्हार मात्र समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. डिसेंबरात पहाटेची गाडी पकडताना दात वाजतात. मी सिस्टरला विचारले, "शिकवाल का?" दुसऱ्या दिवशी तिने दहा नंबरच्या सुया आणि उरलेल्या लोकरीचा एक गुंडा आणला. जव्हार ते मोखाडा एवढ्या अंतरात मी टाके घालायला शिकले, परतीच्या गाडीत सुलट टाका, आठवड्याभरात उलट टाका. सुलट दोन, उलट दोन. या विणीने कापड ताणते आणि परत जागेवर येते, म्हणून स्वेटरचा काठ आणि टोपीची कड याच विणीची करतात. पहिला मफलर महिन्याभरात झाला. एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद, कारण मधे मधे टाके वाढत कसे गेले ते मला समजलेच नाही. मुलांच्या अब्बांनी तो निमूटपणे गळ्यात घातला आणि ड्युटीवर गेले.

शेजारच्या खालांना हे आवडले नाही. त्या म्हणाल्या, "हे मिशनवाल्या मडमांचे काम. आपल्यात कुठे असते?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे खूप वर्षांनी वाचनात आले, की जगातल्या जुन्यातल्या जुन्या विणलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा इजिप्तमध्ये सापडल्या आहेत. इस्लामी काळातले सुती पायमोजे, पांढऱ्यावर निळी नक्षी. आणि स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या एका मठात १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत रेशमी विणीच्या उशा मिळाल्या. त्यातल्या एकीच्या काठावर कुफी वळणाच्या अक्षरांत 'बरकत' असा शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राची उशी आणि विणणारे हात बहुधा मुसलमान कारागिरांचे. मी हे खालांना सांगितले तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग मलाही एक बनियन विणून दे, बिनबाह्यांची."

विणकामाचा खरा फायदा मला निराळाच झाला. ज्या बाईच्या हातात काम आहे ती रिकामी नसते. ती ओट्यावर बसली तरी चालते, झाडाखाली बसली तरी चालते. सिस्टरबरोबर पहिल्यांदा सनसेट पॉइंटला गेले तेव्हा मी घरी सांगितले, "नमुना शिकायला जाते." दरी धनुष्यासारखी वाकलेली, खाली सागाची आणि पळसाची झाडी, लांब डहाणूकडे महालक्ष्मीचा सुळका. आम्ही कठड्याशी बसून विणत होतो आणि येणारेजाणारे आमच्याकडे न बघता दरीकडे बघत होते. सुया हातात नसत्या तर दोन बायका इथे कशाला बसल्यात, असे निश्चित कोणीतरी विचारले असते. थोडक्यात, पिशवीतला लोकरीचा गुंडा हा माझा परवाना होता. हे खोटेपणाचे होते का? थोडेसे होते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुठल्याही कारणावाचून सूर्य बुडताना पाहिला होता, तेव्हा एवढे खोटे माफ असावे.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही हिंडू लागलो. सिस्टरचे पाय पाड्यापाड्यांवर जाऊन तयार झालेले. माझे पाय फळ्यासमोर उभे राहून जड झालेले. एका ऑक्टोबरात दाभोसा धबधब्याच्या तळाशी उतरायचे ठरले. लेंडी नदीचे पाणी सुमारे तीनशे फुटांवरून खाली पडते. वरून बघणारे पुष्कळ, आम्हाला खाली डोहापाशी जायचे होते. एक वारली मावशी वाट दाखवायला पुढे चालली, डोक्यावर लाकडाचा भारा नसल्यामुळे तिला चुकल्यासारखे होत होते, असे तीच म्हणाली. मी सलवार-कमीज आणि पायांत मुलांच्या अब्बांचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. अर्ध्या उतारावर माझी पिशवी कलंडली आणि लाल लोकरीचा गुंडा उड्या मारत निघाला, सुटत, करवंदीच्या जाळ्यांतून. धागा माझ्या हातात आणि गुंडा खाली कुठेतरी. मावशी पोट धरून हसली. आम्ही त्या धाग्याच्या मागोमाग वाट काढत खाली गेलो आणि गुंडा डोहाच्या अलीकडे एका खडकाला अडकलेला सापडला. डोहाचे तुषार तोंडावर घेत मी तिथेच त्याची गुंडाळी करत बसले. लोकरीत कुसळे शिरली होती. ती शेवटपर्यंत पुरती निघाली नाहीत, धाकटीच्या स्वेटरला ती टोचत राहिली आणि ती रडत राहिली.

डिसेंबर २००३ मध्ये, ईद होऊन दोन आठवडे झाले असतील नसतील, मुलांचे अब्बा गेले. रात्रीची ड्युटी करून आले, छातीत दुखते म्हणाले आणि सकाळ झाली नाही. मी एकोणचाळीस वर्षांची होते.

त्यांच्यासाठी एक तपकिरी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ, पोट, एक बाही झालेली, दुसरी कोपरापर्यंत. सुया तशाच त्यात अडकलेल्या. तो मी ट्रंकेत ठेवला.

इद्दत चार महिने दहा दिवसांची. मी शाळेतून रजा घेतली. कामासाठी दिवसा बाहेर पडण्याची सवलत आहे, असे मौलानांनी सांगितले होते, पण माझ्यातच ताकद नव्हती. सिस्टर दर आठवड्याला यायची. एकदा तिच्या तोंडून निघून गेले, "चार महिने दहा दिवस घरात! तुमच्यात फार बंधने बाई." मला ते असे लागले, की मी म्हणाले, "आणि तुमच्यात? नवरा जिवंत असून तुम्हाला कोणी हळदी-कुंकवाला बोलावते का?" ती उठली, चपला घातल्या आणि गेली. तीन आठवडे आली नाही.

आज वाटते, दोघींचेही खरे होते आणि दोघींनीही ते बोलायला नको होते. तिला जे बंधन दिसत होते, त्यात मला विसावाही मिळत होता. त्या दिवसांत कोणी माझ्याकडून हसण्याची अपेक्षा करत नव्हते, स्वयंपाक नणंदेने उचलला होता, रडायला वेळ होता. आणि तरी खिडकीतून दिसणारा रस्ता बघून जीव कासावीस व्हायचा, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच दिवशी वाटू शकतात, हे सिस्टरला समजावून सांगता आले असते तर भांडण झाले नसते.

चौथ्या आठवड्यात ती आली. हातात तिचाच अर्धवट स्वेटर, दहा ओळी खाली एक टाका गळालेला. ती माझ्याहून चांगली विणणारी, तिला तो उचलता येत नव्हता असे नाही. "बाई, एवढं सोडवून दे ना," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटले. मी क्रोशाच्या सुईने टाका वर चढवत आणला. भांडणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग तिने ट्रंकेतल्या स्वेटरची चौकशी केली. "उसव," म्हणाली. मी नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा म्हणाली. तिला लोकर हवी होती. कमी वजनाची मुले जन्मतात, त्यांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि उघड्या डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. एका प्रशिक्षणात तिला कांगारू पद्धत शिकवली होती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडल्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि डोक्यावर टोपडे, बाकी ऊब आईची. "आई आहे, छाती आहे," सिस्टर म्हणाली, "टोपडी नाहीत."

१९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले होते. मी तेव्हा इथेच होते आणि वर्तमानपत्रात वाचण्यापलीकडे काही केले नव्हते.

एका दुपारी मी तो स्वेटर काढला आणि गळ्यापासून उसवायला घेतला. उसवलेली लोकर कुरळी असते, तिच्या लड्या करून कोमट पाण्यात भिजवायच्या आणि खाली वजन लावून टांगायच्या, म्हणजे ती सरळ होते. मोरीत तपकिरी लड्या टांगलेल्या आणि पाणी ठिबकते आहे, असे चार दिवस चालले. मग चौसष्ट टाके. कडेला सुलट दोन उलट दोन, दहा ओळी, पुढे साधी वीण, शेवटी आठ ठिकाणी टाके कमी करत शेंडा. इद्दत संपेपर्यंत अठरा टोपडी झाली. तपकिरी रंगाचे टोपडे बाळंतविड्यात कोणी देते का? पण दुसरी लोकर नव्हती.

एप्रिलात इद्दत संपली. गुस्ल केला, कपडे बदलले, असरची नमाज पढले आणि थोरल्याला म्हणाले, "जरा फिरून येते." तो सोळा वर्षांचा होता. त्याने चुलत्याकडे पाहिले. चुलते भिवंडीहून आम्हाला न्यायला आले होते. विधवा बाईने डोंगरात एकटे राहू नये, बदली मागून घ्यावी, असे घरात ठरले होते. मी दारात पिशवी घेऊन उभी. थोरला म्हणाला, "अम्मी, बॅटरी ने. येताना अंधार होईल." चुलते दोन दिवस राहिले आणि गेले. मी जव्हारलाच राहिले.

त्याच वर्षीच्या रमजानमध्ये, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सिस्टरला खोडाळ्यापुढच्या एका पाड्यावर बाळ बघायला जायचे होते. दीड किलोच्या आसपासचे, घरीच जन्मलेले. आठ दिवसांपूर्वी तिने त्याला माझे टोपडे घालून दिले होते. मला रोजा होता, तरी मी निघाले. एसटीतून उतरून दीड तास चालायचे. पाऊस सरलेला, उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली, नागली कापणीला आलेली. एका ओहोळात पाय सोडून आम्ही बसलो. सिस्टरने मुद्दाम डबा उघडला नाही, मी नको नको म्हणत असतानाही. तिने कोणा साहेबाची नक्कल केली आणि मी डिसेंबरनंतर पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खरे सांगते, त्या घटकेला मी पुरती सुखी होते. नवरा नाही, पगारात भागत नाही, घसा कोरडा, आणि सुखी.

पाड्यावर पोचलो. पहिल्याच झोपडीच्या कुडावर तपकिरी टोपडे वाळत घातले होते. सिस्टर जागीच थांबली. तिला ते बघूनच कळले असावे. मला कळले नाही, मी तर म्हणाले, "बघ, धुऊन वापरतात."

बाळ चार दिवसांपूर्वी गेले होते. आई आत भिंतीकडे तोंड करून बसलेली, सतरा-अठरा वर्षांची पोर. आजी बाहेर आली, कुडावरचे टोपडे काढले, हाताने त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि सिस्टरच्या हातात दिले. "दुसऱ्या लेकराला होईल," म्हणाली.

सिस्टर आत जाऊन त्या पोरीजवळ बसली. दूध बांधून तिला ताप भरला होता, तिला तपासले, गोळ्या दिल्या. यात उशीर झाला, शेवटची गाडी हुकणार हे उघड होते. मी अंगणात उभी. आजीने विचारले, पाणी? मी सांगितले, उपास आहे, सूर्य बुडेपर्यंत काही घेत नाही. तिने म्हाताऱ्याला काहीतरी सांगितले. तो पलीकडच्या टेकाडावर जाऊन उभा राहिला, कारण अंगणातून सूर्य झाडांआड जात होता. बराच वेळ उभा होता. मग तिथून हात हलवून ओरडला, "बुडाला!"

माझ्या पर्समध्ये तीन खजूर होते. एक मी खाल्ला, एक सिस्टरला, एक आजीला दिला. आजीने तो आत नेऊन त्या पोरीच्या तोंडात घातला. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि गुळाचा काळा चहा. ज्या घरातून चार दिवसांपूर्वी मूल गेले होते, त्या घराने माझा रोजा सोडवला. दिवाळीनंतर ते सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार होते, माझ्याच माहेराजवळ. म्हाताऱ्याने गावाचे नाव सांगितले तेव्हा मी मान खाली घातली. रात्र आम्ही ओट्यावर काढली. झोप आली नाही. ओहोळातले माझे हसणे मला ऐकू येत होते.

त्यानंतर दोन महिने मी सिस्टरबरोबर कुठे गेले नाही आणि सुयांना हात लावला नाही. ईदही तशीच गेली. सिस्टर आली, मी तिला मनातले सांगितले, की अशा मुलखात आपण हवा खात हिंडतो याची मला लाज वाटते. ती चिडली. "मी रोज असल्याच घरांत जाते," म्हणाली. "जाताना हसत नसते तर तिसऱ्या वर्षी नोकरी सोडून नाशिकला जाऊन बसले असते. मग त्या पोरीचा ताप कोणी उतरवला असता?" तिने ते टोपडे माझ्यापुढे टाकले. कडेचा एक टाका सुटला होता. "हा नीट कर. सोमवारी एक बाळंतीण घरी जाते आहे."

मी तो टाका नीट केला. ते टोपडे नंतर कोणाच्या डोक्यावर गेले, सिस्टरला आठवत नाही. तिला सगळी आठवत नाहीत, आणि मीही पुढे मोजणे सोडले. लोकर बदलली, लुधियानाची मऊ ॲक्रिलिक लोकर नाशिकहून आणू लागलो, पिवळी, गुलाबी. पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात दोन टोपडी होतात, कसरत केली तर तिसरे. शाळेतल्या सातवीच्या मुलींना शिकवले. दोघीतिघी माझ्याहून सफाईने विणायच्या. मुलगे हसले, मग त्यांतला एक बांबूच्या सुया तासून घेऊन आला आणि रांगेत बसला. भूपतगड चढलो, काळमांडवीला गेलो, सूर्यमाळावर पावसात तीन तास एका गोठ्यात अडकलो आणि गाईच्या शेजारी बसून एक पायमोजा पुरा केला. शिरपामाळही पाहिला, एकदाचा.

२०२२ मध्ये मी निवृत्त झाले. सिस्टर त्याआधीच होऊन नाशिकला गेली. थोरला कल्याणला असतो, दर ईदला म्हणतो, अम्मी, आता तरी चल. मी म्हणते, पुढच्या ईदला बघू. सिस्टर ऑक्टोबरात येते, आठ दिवस राहते. तिचे गुडघे गेलेत, माझी नजर. दाभोशाच्या तळाशी आता कोण उतरतो! सनसेट पॉइंटला रिक्षाने जातो. तिथे आता कठडे नवे झालेत आणि पोरे मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढतात. गेल्या खेपेला त्यांतली एक मुलगी आमच्याजवळ येऊन सुयांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, कोणासाठी?"

"विणून झाल्यावर बघू," सिस्टर म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "किती घातलेस?"

"चौसष्ट."

"मोज परत. मला साठच दिसतात."

मी मोजले. बासष्ट होते. सूर्य सुळक्याला टेकला होता, मगरिबला थोडा वेळ होता. आम्ही ती ओळ उसवली.